विश्लेषण : बातमीतल्या किती ओळी उद्धृत करता येतात?

मे २०१० मध्ये ‘डेमोक्रॅटिक अंडरग्राउंड’ या अमेरिकेतील राजकीय चर्चेच्या संकेतस्थळावर एका सदस्याने ‘लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नल’मधील बातमीची पाच वाक्ये टाकली. मूळ बातमी ५० वाक्यांची होती. सदस्याने वृत्तपत्राचे नाव दिले होते, लिंकही दिली होती. तरीही ऑगस्टमध्ये संकेतस्थळाच्या चालकांवर कॉपीराइटभंगाचा दावा दाखल झाला. दावा करणारे वृत्तपत्र नव्हते, तर ‘राइटहेवन’ नावाची कंपनी होती.

ही कंपनी इंटरनेटवर बातम्यांची नक्कल शोधायची, सापडली की त्या बातमीचे हक्क वृत्तपत्राच्या मालकांकडून आपल्या नावे करून घ्यायची आणि थेट कोर्टात जायची. ‘एवढा मजकूर काढून टाका’ असे आधी कळवण्याची तसदीही ती घेत नसे. दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई आणि संकेतस्थळाचे नावच ताब्यात, अशी मागणी असे. असे दोनशेहून अधिक दावे झाले. त्यातले बरेच प्रतिवादी हौशी ब्लॉगर किंवा छोट्या संस्था होत्या. वकिलाची फी तडजोडीच्या रकमेहून जास्त होणार हे दिसत असल्याने अनेकांनी काही हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. त्यांनी खरोखर कायदा मोडला होता का, हा प्रश्न कोर्टापर्यंत गेलाच नाही.

‘डेमोक्रॅटिक अंडरग्राउंड’ मात्र लढले. या लढाईत राइटहेवन आणि वृत्तपत्राचे मालक यांच्यातला करार उघड झाला. कंपनीला फक्त दावा करण्याचा अधिकार दिलेला होता, बातमीवरचे बाकी सगळे हक्क मालकांकडेच होते. जून २०११ मध्ये न्यायाधीशांनी राइटहेवनला दावा करण्याचा हक्कच नसल्याचे सांगितले. मार्च २०१२ मध्ये पाच वाक्यांचा उतारा हा ‘फेअर यूज’ म्हणजे न्याय्य वापर असल्याचेही कोर्टाने मान्य केले. दुसऱ्यांच्या संकेतस्थळांची नावे मागणाऱ्या या कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ-नाव पुढे देणी भागवण्यासाठी लिलावात निघाले.

संपूर्ण बातमी दिली तर?

‘इतक्या शब्दांपर्यंत चालते’ असा समज सगळीकडे आढळतो. अमेरिकी कायद्यात तसा आकडा नाही. वापराचा हेतू, मूळ मजकुराचे स्वरूप, किती भाग घेतला आणि त्यामुळे मूळ मजकुराच्या बाजारावर काय परिणाम होईल, हे चार निकष एकत्र पाहिले जातात. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांनी १९९८ मध्ये ‘फ्री रिपब्लिक’ या संकेतस्थळावर दावा केला होता. तिथे सदस्य अख्खे लेख टाकून त्याखाली चर्चा करत. चर्चेसाठी पूर्ण लेखाची गरज नव्हती आणि लोक वृत्तपत्राच्या संकेतस्थळाऐवजी इथेच लेख वाचतील, असे म्हणत कोर्टाने फेअर यूजचा बचाव फेटाळला.

राइटहेवनच्याच आणखी एका प्रकरणात खालच्या कोर्टाने पूर्ण संपादकीयाची नक्कलही न्याय्य ठरवली होती. पण २०१३ मध्ये अपील कोर्टाने निकालाचा तेवढा भाग रद्द केला. त्यामुळे त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

भारतात काय?

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ लागू होते आणि त्याची रचना वेगळी आहे. अमेरिकेत कोणताही हेतू पुढे करून बचाव मांडता येतो. भारतात ‘फेअर डीलिंग’साठी हेतू ठरलेले आहेत : संशोधनासह खासगी वापर, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन. आधी यांपैकी एका चौकटीत बसायला हवे, त्यानंतर किती घेतले हा प्रश्न येतो. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या दुसऱ्या नाटकाच्या प्रकरणात घेतलेल्या मजकुराचे प्रमाण व मोल, हेतू आणि मूळ कृतीशी होणारी स्पर्धा या कसोट्या वापरल्या.

बातमीतली माहिती मात्र कोणाच्याच मालकीची नसते. क्रिकेटचा ताजा धावफलक एसएमएसने पाठवण्यावरून झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसेच म्हटले. कॉपीराइट असतो तो शब्दांना, मांडणीला, छायाचित्राला. म्हणून बातमी आपल्या शब्दांत सांगणे, त्यातली दोन-चार वाक्ये अवतरणात देऊन त्यावर मत मांडणे आणि लिंक जोडणे यात भीतीचे फारसे कारण नाही.

अख्खे ई-पेपर पीडीएफ करून रोज सकाळी वाटणे या चौकटीत बसत नाही. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, ‘दैनिक जागरण’च्या तक्रारीवर दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनेल ४८ तासांत बंद करण्याचा आणि ते चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला होता. खाली ‘साभार’ लिहिले की सगळे माफ, ही आपल्याकडची लाडकी समजूतही खरी नाही. श्रेय देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे.

धोका किती?

जाणूनबुजून कॉपीराइटभंग केल्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ‘पैसे द्या, नाहीतर केस करतो’ अशी नोटीस अमेरिकेपेक्षा इथे अधिक धास्ती घालू शकते. त्यावर उतारा याच कायद्यात आहे, पण तो फार कमी जणांना ठाऊक असतो. बिनबुडाची धमकी मिळालेली व्यक्ती कलम ६० नुसार स्वतःच कोर्टात जाऊन ‘मी भंग केलेला नाही’ असे जाहीर करून घेऊ शकते, धमक्यांना मनाई आणि नुकसानभरपाईही मागू शकते. धमकी देणाऱ्याने वेळ न दवडता खरोखरच दावा दाखल केला, तर मात्र हे कलम लागू होत नाही.