टेकडी आणि टाळ

"डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग उत्साह का वाटत नाही?" निवृत्त मंडळी हे नेहमी विचारतात. माझं मत विचाराल तर, तुम्ही घराबाहेरच पडत नाही! आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्यात असाल तर वेताळ टेकडीवर चाला. एखादा मोर दिसला की दिवस वेगळाच जातो. संध्याकाळी जवळच्या भजनी मंडळात जाऊन बसा, टाळ हातात घ्या. मोबाईलवर गवळण ऐकणं निराळं. इथे सूर लांबवताना श्वास लांबतो, शेजारचा माणूस ओळखीचा होतो. ताल चुकला तरी कुणी हटकत नाही (माझा नेहमीच चुकतो). बीपीची गोळी मात्र बंद करू नका. आणि दोन आठवडे उदास वाटत राहिलं, झोप-भूक उडाली, तर दाखवायला या. तो आजार असू शकतो, त्यावर औषध आहे.