तोडा सुरू झाला की पंप बाजूला

उन्हाळी काकडीच्या लागणी आता सुरू होतील. वाण कोणता घ्यावा, मल्चिंग पेपर किती मायक्रॉनचा, तार-बांबूला एकरी खर्च किती, अशी विचारणा कार्यालयात सुरू झाली आहे. फारसे कोणी विचारत नाही अशा एका प्रश्नावर या महिन्यात लिहीत आहोत. पहिला तोडा झाल्यावर काकडीवर काय फवारायचे? आमचे उत्तर आहे : शक्यतो काहीच नाही.

द्राक्षाची बाग छाटणीनंतर एकदा उतरवायची असते, त्यामुळे शेवटची फवारणी आणि काढणी यांत अंतर राखता येते. काकडीचे तसे नाही. लागणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी तोडा सुरू होतो आणि वेल संपेपर्यंत तो एक दिवसाआड, ऐन उन्हाळ्यात कधी रोजही चालतो. औषधाच्या लेबलवर सात दिवसांचा प्रतीक्षा काळ लिहिला असेल, तर तो पाळणे म्हणजे तीन तोडे सोडणे. सोडायचे म्हटले तरी माल वेलावर थांबत नाही. दोन दिवसांत काकडी जून होते, बी धरते, आणि जून फळ वेलावर राहिले की पुढची कळी अडते. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे. म्हणूनच संध्याकाळी फवारायचे आणि सकाळी क्रेट भरायचे हा शिरस्ता पडला. तो मोडायला हवा, कारण हे फळ शिजत नाही. वांग्याला, भेंडीला निदान आच लागते. काकडी दुसऱ्या दिवशी सालीसकट, मीठ-तिखट लावून, लहान मुलाच्या हातात असते.

खाणाऱ्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी या फवारण्यांतून उत्पादकाच्या पदरात काय पडते, हे पाहावे. तोडा सुरू झाल्यावरच्या बहुतेक फवारण्या फळमाशीसाठी होतात. माशीने डंख केलेली कोवळी काकडी हातात घेऊन पाहा. सालीवर टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका आणि त्यावर डिंकासारखा वाळलेला थेंब दिसतो. तेथे नखाने साल काढली की आतला गर पाणावलेला आणि त्यात वळवळणारी बारीक पांढरी अळी. ही अळी गरात बसलेली आहे, तिच्यापर्यंत औषध पोचणार कसे? ती फळातच वाढते, मग जमिनीत उतरून कोष करते. प्रौढ माशी दिवसाचा बराच वेळ काकडीच्या वेलाऐवजी बांधावरच्या उंच पिकाच्या पानांवर बसून काढते. म्हणजे आपण जेथे फवारतो तेथे शत्रू फार थोडा वेळ असतो. क्यू ल्यूरचे सापळे कळी दिसण्याआधी लावणे, कडेने मक्याच्या दोन ओळी घेऊन गुळाचे विषारी आमिष फक्त त्या मक्यावर देणे आणि डंख झालेले प्रत्येक फळ वेचून दोन फूट खोल गाडणे, हे तीन उपाय फवारणीपेक्षा जास्त काम करतात. यातले तिसरे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. खराब काकडी बांधावर फेकणे म्हणजे पुढच्या पंधरवड्याची माशी स्वतःच्या हाताने पाळणे.

दुसरे नुकसान मधमाशीचे. काकडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. मादी फुलाला खाली बोटाच्या पेराएवढी चिमुकली काकडी आधीच असते. परागीभवन नीट झाले तर ती भरते, नाहीतर पिवळी पडून गळते किंवा अर्धवट भरून वाकडी होते. पराग चिकट असल्याने वाऱ्याने जात नाही. एका फुलावर मधमाशीच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात, तेव्हा काकडी टोकापासून देठापर्यंत सारखी फुगते. सकाळी आठला पंप चालवणारा शेतकरी या फेऱ्याच बंद करतो. आंतरप्रवाही कीटकनाशक तर परागात आणि मधात उतरते. मग बाजारात वाकडा माल वेगळा काढला जातो, त्याला पडेल तो भाव मिळतो, आणि आपण दोष देतो बियाण्याला किंवा खताला. पॉलिहाऊसमधल्या परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या वाणांची गोष्ट वेगळी आहे. तेथे मधमाशी नको असते. पण महाराष्ट्रातली बहुतेक काकडी उघड्या रानात आहे आणि उघड्या रानात मधमाशीला पर्याय नाही.

लेबल क्लेम आणि प्रतीक्षा काळ हे शब्द आपल्याकडे नवे नाहीत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हा नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी किंमत मोजून ते शिकून घेतले. काकडीची लहान बहीण गर्किन. कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र, तेलंगणात सुमारे ९०,००० लहान शेतकरी कराराने ६५,००० एकरांवर ती पिकवतात. २०२०-२१ मध्ये देशातून काकडी आणि गर्किन मिळून २,२३,५१५ टन माल निर्यात झाला, २२.३ कोटी डॉलरचा. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तो माल पिकवणारेही आपल्यासारखेच दोन-चार एकरवाले आहेत. त्यांना जमते, तर आपल्या बाजारपेठांत काकडी पाठवणाऱ्यांना का जमू नये? आपल्याच गावातल्या, आपल्याच शहरातल्या गिऱ्हाइकाला परदेशी गिऱ्हाइकापेक्षा कमी लेखायचे, हे आम्हाला मान्य नाही.

जमवायचे असेल तर पहिल्या ३५ दिवसांकडे लक्ष द्यावे लागेल. काकडीची बरीचशी लढाई कळी लागण्याआधीच जिंकता किंवा हरता येते. मावा आणि पांढरी माशी रोपावस्थेत विषाणू देऊन जातात. नंतर कितीही फवारले तरी मोझॅक आलेला वेल सुधारत नाही. म्हणून रोपे नेटखाली करा किंवा लागणीनंतर क्रॉप कव्हर घाला आणि मादी कळी दिसताच ते काढा, नाहीतर मधमाशी आत येणार नाही. पिवळे चिकट सापळे लागणीच्या दिवशीच उभे राहावेत. जमिनीवर पसरलेल्या वेलात पाने ओली राहतात आणि केवडा पसरतो. मंडपावर चढवलेल्या वेलाची खालची जुनी पाने काढली, पाणी ठिबकने दिले, की हवा खेळते आणि बुरशीनाशकाच्या अर्ध्या गरजा तेथेच संपतात. कडू काकडीची तक्रार घेऊन टॉनिक शोधू नका. ऊन वाढलेले असताना पाण्यात खंड पडला की कडूपणा येतो, पाळी सांभाळा.

एवढे करूनही तोड्याच्या काळात फवारणीची वेळ आलीच, तर एक मार्ग आहे आणि तो फुकटचा नाही. वेलावरचे बोटाएवढे झालेले प्रत्येक फळ आधी काढून घ्या, त्याच संध्याकाळी फुले मिटल्यावर, लेबलवर काकडीचे नाव असलेलेच औषध फवारा, आणि नव्या फुलांची फळे तयार होईपर्यंत बाजाराकडे जाऊ नका. फुलापासून तोड्यापर्यंत साधारण आठ दिवस जातात, तेवढ्यात सात दिवसांचा प्रतीक्षा काळ संपतो. लेबलवर जास्त दिवस असतील, तर ते औषध या काळात घ्यायचेच नाही. एक आठवड्याचा माल बुडेल, भाव चढा असेल तर ते फार लागेल. तरीही हाच हिशेब खरा आहे.

कृषी सेवा केंद्रातल्या मित्रांनाही विनंती आहे : बाटली देताना पीक कोणते आणि तोडा चालू आहे का, हे विचारून द्या. आमच्या बाजूने सांगायचे तर, या अंकापासून काकडीवरील कोणत्याही रासायनिक फवारणीची शिफारस तिच्या शेजारी प्रतीक्षा काळाचे दिवस छापल्याशिवाय या मासिकात येणार नाही. लेखक कितीही अनुभवी असला तरी. वाचकांनी लागणीच्या दिवसापासून फवारणीची वही ठेवावी, त्यात तारीख, औषध, प्रमाण आणि पुढच्या तोड्याची तारीख लिहावी, आणि हंगाम संपल्यावर तिची प्रत आम्हाला पाठवावी. कमी फवारणीत निभावलेल्या वह्या आम्ही छापू.