मॅकबेथला भित्रा ठरवणाऱ्यांना

डंकनच्या खुनाआधी मॅकबेथ कचरतो तो पापाला नव्हे, परिणामांना भिऊन. इथेच सगळे निभावत असेल तर परलोकाची पर्वा नाही, हे तो स्वतःच बोलून दाखवतो. तेव्हा त्याला विवेक नव्हताच, आणि एका भित्र्या खुन्याच्या गोष्टीला शोकांतिका म्हणायचे कारण नाही. हे मत एक विद्वान हल्ली व्याख्यानांतून मांडतात आणि त्यावर टाळ्याही घेतात.

पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातले स्वगत या गृहस्थांनी अर्ध्यावरच सोडलेले दिसते. त्याची सुरुवात हिशेबाने होते, कबूल. पण पुढे वाचा ना! आत राजा जेवतो आहे आणि यजमान पंगत सोडून बाहेर येऊन उभा आहे. हा आपला आप्त, आपला राजा, आणि आज आपला पाहुणा; मारेकरी आला तर दार लावून घ्यायचे आपण, आणि सुरी आपल्याच हातात? मग डंकनचा सौम्य कारभार त्याला आठवतो, आणि दया त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती वादळावर स्वार झालेल्या उघड्या तान्ह्या पोराच्या रूपात. नुसता हिशेब मांडणाऱ्याला हे पोर दिसेल? शेक्सपिअरने ज्या हॉलिन्शेडच्या इतिहासावरून कथानक घेतले, त्यातला डंकन दुबळा राजा आहे आणि मॅकबेथचा जोडीदार सेनापती बँको कटात सामील आहे. शेक्सपिअरने हे दोन्ही काढून टाकले. घरी मुक्कामाला आलेल्या राजाचा खून तर त्याने त्याच ग्रंथातल्या डफ राजाच्या हकिकतीतून उचलला. मॅकबेथला कसलीही सबब उरू नये, म्हणून हा खटाटोप. भित्रा खुनीच रंगवायचा असता तर याची गरज काय होती?

त्याला भ्याड म्हणते ती त्याची बायको, काम साधून घेण्यासाठी. विद्वान तिचीच री ओढतात. खुनानंतर ‘आमेन’ त्याच्या घशात अडकते, तेव्हा तर बायकोखेरीज कोणालाच काही कळलेले नसते; मग ते परिणामांच्या भीतीने कसे?

हॅम्लेटचेही हेच केले गेले. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने हॅम्लेट मराठीत आणले ते १८८३ साली; पण हॅम्लेटची चालढकल म्हणजे निव्वळ नेभळटपणा, हे आजही कोणीतरी नवा शोध लागल्यासारखे सांगतेच.

माझे म्हणणे थोडके आहे. मॅकबेथमध्ये भीती आणि बोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नाटकच त्या वेगळ्या करून दाखवते. तिसऱ्या अंकात बँकोची भीती त्याला पोखरते आहे, हे तो उघड बोलतो. तरी पाऊल अडखळत नाही. मारेकरी नेमतो, बायकोला पत्ताही लागू देत नाही. पुढे सरदार मॅकडफ इंग्लंडला पळाल्याचे कळताच त्याच्या बायकापोरांना कापून काढायचे ठरवतो, तेही उभ्या उभ्या. घाबरायची कारणे आता पहिल्यापेक्षा जास्त आहेत. कचरणे मात्र संपले आहे. पहिल्या अंकात त्याला अडवत होती ती नुसती भीतीच असती, तर इथे तिने त्याला दुप्पट अडवायला हवे होते.