ट्रक तापतो, पगार ड्रायव्हरचा कापतात

"इंजिन अचानक जाम झालं, ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं." कराडच्या गॅरेज लाइनीत हे वाक्य मी इतक्या मालकांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता ते पुरं व्हायच्या आत मी हात वर करतो. डिझेल इंजिन तापून अचानक जात नाही. ते आधी कित्येक आठवडे सांगत असतं. रोज सकाळी थोडं थोडं पाणी कमी भरतं. घाटात काटा नेहमीपेक्षा बोटभर वर चढतो. स्टार्टर मारल्यावर पांढरी वाफ निघते आणि गाडी गरम झाली तरी ती थांबत नाही. कॅप काढली की पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. हे सगळं बघायचंच नाही असं ज्यानं ठरवलं, त्याचं इंजिन अचानक जातं. आणि हे ठरवणारा बहुतेक वेळा स्टिअरिंगवर नसतो, तो घरी बसून फोनवर "आज किती खेपा झाल्या?" असं विचारत असतो.

सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत गाडी तापायला निमित्तं भरपूर आहेत. पुण्याकडून भरून येणारी गाडी खंबाटकी चढते. चिपळूणहून येणारी कुंभार्लीच्या वळणांवर एका दमात सह्याद्रीचा कडा चढून हेळवाकला येते. वाईची पसरणीला लागते. डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. सपाटीला समोरचा वारा त्याला मदत करतो. घाटात गाडी ताशी पंधरा-वीसने चढते, वारा मिळत नाही आणि सगळा भार फॅनवर आणि वॉटर पंपावर पडतो. 2018 साली केंद्र सरकारने अॅक्सलच्या वजनाची मर्यादा वाढवली, दहा चाकी ट्रक 25 टनांवरून 28.5 टनांवर गेला. तेवढ्यानेही भागत नाही. हंगामात ऊस त्याच्याही वर रचला जातो.

पण घाट हे निमित्त आहे. घाट गाडीचं दुखणं उघडं करतो, पैदा करत नाही. कूलिंग धड असलेली गाडी पूर्ण वजनात कुंभार्ली चढते आणि काटा 95 च्या पुढे जात नाही.

एका ट्रकचं सांगतो. हंगाम ऐन भरात असताना वाळव्याकडचा एक दहा चाकी टोचन लावून माझ्याकडे आणला. हेड उडालं होतं, दोन पिस्टन लायनरला चिकटले होते. मालक सोबत होता. त्याने आल्या आल्या हिशेब मांडला: इतके ड्रायव्हरच्या पगारातून, दरमहा इतके. ड्रायव्हर मागे उभा होता, काही बोलत नव्हता. मी डॅशबोर्ड उघडला. टेंपरेचरच्या बझरची वायर तोडलेली होती आणि तिच्या टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली होती. ही टेप रस्त्यावर घाईत लावलेली नव्हती, गॅरेजमध्ये सावकाश बसून लावलेली होती. थर्मोस्टॅट हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. रेडिएटरच्या कॅपचं रबर गेलेलं, त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घातलेला. रेडिएटर कापला तर खालच्या तिसऱ्या हिश्शातल्या नळ्यांत पांढरा-तांबूस क्षार इतका दाट, की त्यातून तारसुद्धा जाईना. यातली एकही गोष्ट त्या पोराने केली नव्हती. त्याला ही गाडी अशीच हातात दिली होती.

मी मालकाला विचारलं, काट्याचं काय म्हणणं होतं? तो म्हणाला, "काटा तर खाली होता, म्हणून तर हा पळवत राहिला." हीच गोष्ट प्रत्येक गाडीमालकाने नीट समजून घ्यायला हवी. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी निघून गेलं की तो कोरडा पडतो, वाफेत किंवा हवेत लटकतो, आणि काटा खाली येतो. चढात वर गेलेला काटा पायावरचा जोर कमी न करता एकाएकी खाली आला, तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी संपलंय. त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. हे ड्रायव्हरला कुणी शिकवलं होतं? कुणीही नाही. आणि शिकवलं नाही त्याचा दंड मात्र त्याच्याकडून वसूल करायचा.

आता त्या क्षाराविषयी. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आंघोळीच्या बंबात जो थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकमध्ये लायनरभोवती बसतो. तरी ढाब्यावरच्या नळाला पाइप लावून रेडिएटर भरायचा आणि कुलंटचे पैसे वाचवले म्हणून खूश व्हायचं. कुलंट म्हणजे रंगीत पाणी, हा समज मला गॅरेज लाइनीत रोज भेटतो. कुलंटमधली रसायनं लायनरवर एक पातळ संरक्षक थर धरून ठेवतात. ट्रकच्या बऱ्याच इंजिनांत लायनर थेट पाण्यात असतो. प्रत्येक स्फोटाला तो थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि फुटताना धातू टोकरून काढतात. साध्या पाण्यावर चालवलेला लायनर काढून हातात घ्या, एका बाजूला सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतील. त्यातलं एखादं आरपार गेलं की पाणी तेलात उतरतं. मग ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग जातात आणि पुन्हा तेच वाक्य: ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं.

कॅपचीही अशीच हेळसांड. पाचगणीच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. कॅप आत दाब धरून ठेवते म्हणून तेच पाणी 115 च्या वर जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे कॅप हा झाकणाचा पत्रा नसून कूलिंगचा एक चालता भाग आहे. ट्यूबचा तुकडा घालून ती चालवणाऱ्याने पसरणी चढायचा विचारही करू नये.

माझ्या धंद्यातल्या लोकांनाही मी सोडणार नाही, कारण निम्मं पाप आमचं आहे. गाडी गरम होते म्हणून आली, की आमच्यातला वस्ताद पहिला उपाय सांगतो: थर्मोस्टॅट काढून टाक. हा उपाय नव्हे, अडाणीपणा आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत फिरतो. सपाटीला गाडी थंड चालते, डिझेल जास्त खाते, लायनर झिजतो, आणि घाटात भार आला की पुन्हा तापते. मूळ रोग जिथे होता तिथेच राहतो. नवीन बीएस-सिक्स गाड्यांत, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या, इंजिन तापलं की कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. तिथे आमच्यातलेच लोक स्कॅनर लावून एरर खोडून देतात आणि पैसे घेतात. रोग न बघता एरर खोडणारा माणूस मेकॅनिक नाही. त्याला गाडीखाली जाऊ देऊ नका.

तपासायचं कसं, हे काही गुपित नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरची गन आता कुठल्याही बऱ्या टूलच्या दुकानात मिळते. गाडी भारात चालवून आणा, इंजिन चालू ठेवा आणि रेडिएटरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे गन फिरवा. उष्णता सावकाश उतरत गेली तर नळ्या मोकळ्या आहेत. एकाएकी थंड पट्टा लागला तर तिथून पाणी वाहतच नाही. त्या दहा चाकीच्या रेडिएटरवर वेळेत कुणी हे केलं असतं, तर इंजिन वाचलं असतं, कारण तो पट्टा हातालासुद्धा कळला असता. चकचकीत धातूवर गन खोटं वाचते, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा लावून वाचा. सकाळी थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर गॅसकिटमधून गॅस पाण्यात येतोय. वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून ओघळ दिसला तर सील गेलंय. गाडी पूर्ण तापली तरी फॅनचा आवाज वाढत नसेल तर फॅनचा क्लच घसरतोय. एवढं बघायला इंजिन खोलावं लागत नाही.

आणि पाचट. हंगामात याच्याइतकं दुर्लक्षित कारण दुसरं नाही. शेतातल्या सरीतून गाडी बाहेर काढताना, मग कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत, उसाचा पाला, धूळ, भुस्सा रेडिएटरच्या जाळीत भरत राहतो. ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. तो व्हायलाच हवा होता, ड्रायव्हर माणूस आहे. पण एसीचा कंडेन्सर सहसा रेडिएटरच्या पुढे बसतो, आणि मधल्या फटीत साठलेला पाला बाहेरून दिसत नाही. म्हणून धुताना आतून, फॅनच्या बाजूने, हलक्या दाबाने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार जेटने पत्र्या वाकतात आणि उरलीसुरली वाटही बंद होते. या दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांना माझं सांगणं आहे: ज्या गाड्यांवर तुमचं गाळप चालतं त्यांच्यासाठी अड्ड्यावर हवेची एक नळी आणि पाण्याची एक नळी ठेवा. त्याने तुम्ही बुडणार नाही.

गाडी चालवण्यात चूक होत नाही असं मी म्हणत नाही. वरच्या गिअरला इंजिन रेटत घाट चढणारे आहेत. पंप आणि फॅन इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात, फेरे कमी झाले की थंडावा कमी होतो, हे त्यांना ठाऊक नसतं. काटा वर गेल्यावर घाबरून लगेच इंजिन बंद करणारे आहेत. पाणी आणि बेल्ट शाबूत असेल तर गाडी न्यूट्रलला ठेवून थोड्या जास्त फेऱ्यांवर काही मिनिटं चालू ठेवावी, काटा उतरू द्यावा. कोरड्या तापलेल्या इंजिनात गार पाण्याची बादली ओतून हेड तडकवणारे आहेत, आणि उकळती कॅप उघडून तोंड भाजून घेतलेली पोरंही मी पाहिली आहेत. पण हे ज्ञान आकाशातून पडत नाही. गाडी बाजूला लावून त्याने फोन केला की पलीकडून उत्तर येतं, "पाणी टाक आणि ये." ते उत्तर देणारा माणूस सगळ्यात जास्त दोषी आहे.

ज्या मुलखात हे चाललंय तो मुलूख यंत्राला नवखा नाही, याचा मला जास्त संताप येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि तिथले पंप देशभरच्या विहिरींवर बसले. धनजीशा कूपर यांनी 1922 साली सातारा रोडला कारखाना काढला आणि नांगरापासून सुरुवात करून तो डिझेल इंजिनापर्यंत नेला. फलटणला आज कमिन्सची इंजिनं बनतात. पाणी कसं फिरवायचं आणि इंजिन कसं जगवायचं हे ज्या मातीतल्या कामगारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, तिथे रेडिएटरच्या कॅपमध्ये सायकलची ट्यूब सापडते. हे अज्ञान नाही, ही कंजूषी आहे.

आणि त्या कंजूषीची किंमत ड्रायव्हरच्या पगारातून काढणं हा गुन्हेगारी विचार आहे. 2025 पर्यंत लागू असलेला वेतन प्रदान कायदा 1936 सालचा होता. नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालं असेल तरच त्याच्या पगारातून भरपाई कापता येते, तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यानंतर, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नाही, असं त्या कायद्याने तेव्हाच सांगितलं. ज्या गाडीचा बझर तुम्ही तोडलात, थर्मोस्टॅट काढलात, त्या गाडीच्या इंजिनाची भरपाई तुम्ही त्याच्याकडून मागूच शकत नाही.

मालक मंडळी, पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत प्रत्येक गाडीचा बझर जोडून घ्या, थर्मोस्टॅट आणि कॅप बसवून घ्या, कुलंट भरा, आणि काटा वर गेला की थांबायची मुभा ड्रायव्हरला स्वतःच्या तोंडाने द्या. ज्याचा पगार कापला आहे त्याला तो परत करा.