दासोपंतांची पासोडी आणि बीड जिल्ह्याचे सांस्कृतिक पंचांग

अंबाजोगाईला एक पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड. या कापडावर दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरण हा वेदान्तातला अवघड विषय ओव्यांतून आणि आकृत्यांतून मांडला. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी ४ फूट. कागद सोडून त्यांनी कापड का घेतले, यावरच्या आख्यायिका तूर्त बाजूला ठेवू. पोथी एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची असते. पासोडी उलगडली की सगळ्यांनाच पाहता येते, हे मला अधिक मोलाचे वाटते. दासोपंतांच्या अनेक पदांवर रागांची नावे आढळतात. म्हणजे ते लेखन गाण्यासाठी होते, आणि गाणे म्हटले की ऐकणारा आलाच.

मित्रहो, आजचा धागा अंबाजोगाईच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील शहरांच्या कला-संस्कृतीच्या नियोजनाविषयी आहे. ‘नियोजन’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर नाट्यगृहाची कोनशिला येते. या गावाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

तेराव्या शतकात सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याने येथे मंदिरे उभारली. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला, तेव्हा बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देवालय बांधले. १२४० चा शिलालेख ती हकीकत सांगतो. परंपरा मुकुंदराजांची समाधीही गावाबाहेरच्या दरीत दाखवते. पुढे निजामी राजवटीत गावाचे नाव मोमिनाबाद झाले आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू. त्या काळात, १९१७ साली, गावकऱ्यांनी योगेश्वरीच्या नावाने शाळा काढली. स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत शिकवून गेले. हैदराबाद संस्थानात मराठीतून शिकवणे हे केवळ शिक्षणकार्य नव्हते, हे या धाग्यांच्या वाचकांना सांगायला नको.

१९८३ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरले. संमेलने येतात आणि मांडव काढून जातात. त्यानंतर जे टिकले ते अधिक विलक्षण आहे. यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी गेले आणि भगवानराव लोमटे यांच्या पुढाकाराने येथे स्मृती समारोह सुरू झाला. दरवर्षी २५ ते २७ नोव्हेंबर. शास्त्रीय गायन, कविसंमेलन, चित्रांचे प्रदर्शन आणि त्याच मांडवात शेतकरी परिषद! ख्याल आणि कापसाचा भाव यांना शेजारी बसवण्याची ही कल्पना एखाद्या सल्लागार संस्थेच्या अहवालात सापडायची नाही.

इथपर्यंत अभिमानाने सांगता येते. पुढचे सांगताना जीभ थोडी अडखळते.

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, सोबत बैलगाडी आणि पुष्कळदा लेकरेही. परतणे होते ते मार्च-एप्रिलमध्ये. आता आपले सांस्कृतिक पंचांग पाहा. स्मृती समारोह नोव्हेंबरअखेर. योगेश्वरीचे मार्गशीर्ष नवरात्र त्यानंतर काही दिवसांनी. दासोपंतांची पुण्यतिथी माघात. परळीच्या वैजनाथाची महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये. जिल्ह्याचे जवळजवळ सारे उत्सव त्यांच्या गैरहजेरीत पार पडतात. पुण्यतिथी आणि नवरात्र कोणी हलवा असे म्हणणार नाही. त्या तिथ्या ठरलेल्या आहेत. पण ज्या शहराला लोकांना एकत्र आणायचे आहे, त्याने लोक घरी कधी असतात हे आधी मोजायला नको का?

पाडव्यापासून मृगाच्या पावसापर्यंतचे अडीच महिने ही या जिल्ह्यातील खरी मोकळीक. लग्ने, जत्रा, भारुड, हरिनाम सप्ताह, तांड्यांवरची बंजारा गाणी या दिवसांत रंगतात. ऊन कडक असते हे खरे, पण गावाने रात्री जागवायला कधी कोणाला विचारले आहे?

आणि या माणसांकडे देण्याजोगे काय आहे, असा प्रश्न कोणाला पडत असेल तर त्याने माजलगावकडे पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी गायिलेल्या डॉ. आंबेडकरांवरील ओव्याही आहेत, १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या. ते काम पुण्याच्या अभ्यासकांनी केले. ज्या मातीत या ओव्या जन्मल्या, तिथल्या प्रत्येक नगरपालिका वाचनालयात त्या ऐकण्याची सोय असणे ही मला किमान अपेक्षा वाटते. दासोपंत आणि भीमनगरच्या बाया एकाच फडताळात असाव्यात. दोघांनीही हाताशी असलेल्या साधनावरच आपली भाषा उभी केली: एकाने पांघरुणावर, दुसऱ्यांनी जात्यावर.

हे काम नगरपालिकेचे नव्हे, असे उत्तर हमखास मिळते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावे परिशिष्ट घातले. नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची ती यादी. तिच्यात पहिला विषय नगररचना आणि तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन. एकाच यादीतले हे दोन विषय आपल्याकडे एकमेकांना क्वचितच भेटतात.

अडचण आणखी एक आहे. त्याच दुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत बीड शहर दीड लाखाच्याही आत होते. अंबाजोगाई आणि परळी त्याहून लहान. म्हणजे वस्तीने एकत्र बसून शहराविषयी बोलण्याची ही हक्काची जागा आपल्या जिल्ह्यातील एकाही शहराला कायद्याने मिळालेली नाही. ती आपणच निर्माण करावी लागेल, जशी १९१७ मध्ये शाळा करावी लागली.

एक दार मात्र उघडे असते. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. आरक्षणाचे भूखंड, रस्त्यांची रुंदी यांवर ढिगाने अर्ज पडतात. त्या ढिगात एक अर्ज असाही पडू द्या: पासोडीसारख्या वस्तूंना त्यांच्या वारसदारांच्या संमतीने ओल आणि कसर यांपासून सांभाळणारी जागा हवी, बाराखांबीच्या परिसरात उन्हाळ्यातील रात्रीच्या कार्यक्रमांचा विचार व्हावा, अर्थात पुरातत्त्वाचे नियम पाळून, आणि वार्षिक कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्या बैठकीला मुकादम नव्हे, कोयता चालवणारी माणसे बसावीत. ती बैठक एप्रिलमध्ये घ्यावी. नोव्हेंबरात घेतली तर खुर्च्या रिकाम्याच राहतील.