विश्लेषण : सावकारांशी लढणारी मिशनरी ‘हुतात्मा’ कशी ठरली?

मध्य प्रदेशात उदयनगरजवळ २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांना बसमध्येच भोसकण्यात आले. मूळच्या केरळच्या या कॅथलिक मिशनरी भूमिहीन आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी संघटित करत होत्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये चर्चने त्यांना हुतात्मा म्हणून ‘धन्य’ घोषित केले.

मग अडचण कुठे होती?
चर्चच्या लेखी, श्रद्धेच्या द्वेषातून मारला जातो तो हुतात्मा. इथे तर भांडण व्याजाचे! पण गरिबांची बाजू घेणे हेच श्रद्धेचे आचरण मानले, तर त्यासाठी झालेली हत्या निव्वळ आर्थिक वैर उरत नाही. याच पेचात एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचे प्रकरण अनेक वर्षे रखडले. त्यांची हत्या १९८० ची, संतपद मिळाले २०१८ मध्ये.

राणी मारिया संत झाल्या का?
अद्याप नाही. ‘धन्य’ ठरताना हुतात्म्याला चमत्काराची अट नसते, संतपदासाठी सहसा असते.

मारेकऱ्याचे काय झाले?
राणी मारियांच्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला.