जुन्या पार्किंगचा नवा धाक

पोर्तुगीज पासपोर्टाच्या आधारे इंग्लंडात स्विंडनसारख्या शहरी स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या दारी एखादे दिवशी पत्र येऊन पडते: चार-पाच वर्षांपूर्वी अमुक दुकानांच्या आवारात आपली मोटार जादा वेळ उभी होती, ३० दिवसांत पैसे भरा, नाही तर कोर्ट. परमुलुखात कोर्टाचे नाव निघताच आपला माणूस मुकाट्याने पैसे भरतो, नाही तर पत्र केराच्या टोपलीत टाकतो. आमच्या मते दोन्ही चूक.

हा सरकारी दंड नव्हे. खासगी कंपनीचे करारापोटीचे मागणे आहे. १९८० च्या मुदतीच्या कायद्यानुसार तिने ६ वर्षांच्या आत दावा दाखल केला पाहिजे; नुसत्या धमकीच्या पत्राने मुदत वाढत नाही. चालक कोण हे ठाऊक नसता मोटार ज्याच्या नावे नोंदलेली आहे त्याच्याकडून वसुली करायची, तर २०१२ च्या कायद्याच्या अटी आहेत. कॅमेऱ्याने टिपलेल्या मोटारीची नोटीस १४ दिवसांत पोचावी लागते. तिचा व आवारातील फलकाचा पुरावा मागण्यात संकोच कसला?

मात्र ‘खासगी मागणे म्हणजे फुसका बार’ हा चावडीवरचा सल्ला घातक होय. चेम्सफर्डच्या ८५ पौंडांच्या खटल्यात २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचाच आकार ग्राह्य धरला. कोर्टाच्या कागदाला उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल होतो आणि महिन्याभरात न फेडल्यास तो ६ वर्षे नोंदवहीत राहून घरकर्जाच्या आड येतो. बिऱ्हाड बदललेल्यांच्या बाबतीत तर हे सारे जुन्या पत्त्यावर, त्यांच्या नकळत घडते. त्यांनी मोटारीच्या नोंदणीवरील पत्ता आजच पाहून घ्यावा.